पट्टा दोन भोकं सैल

आमच्या अण्णांचं सांगली-मिरज रस्त्याला कमानपाट्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, पत्र्याची एक शेड, भट्टी, ऐरण आणि बाहेर रांगेत उभे असलेले उसाचे, गुळाचे, विटांचे ट्रक. ट्रकचं वजन झेलणारे पोलादी पाटे तुटले की ड्रायव्हर लोक अण्णांकडे यायचे. वडील माझे सातवी शिकलेले. मी मेकॅनिकल इंजिनिअर, त्यावर अमेरिकेत मास्टर्स, त्यावर पीएचडी चालू. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जो मूर्खपणा झाला तो सातवी शिकलेल्या माणसानं केलेला नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझे कॉलेजमधले मित्र न्यू जर्सीला लागले होते, शनिवारी एडिसनला जाऊन मेथीची जुडी आणायचे आणि फोनवर मला सांगून जळवायचे. मी आयडाहोच्या डोंगरात बर्फ मोजत होतो. डोंगरावर किती बर्फ साठला, तो वितळल्यावर खालच्या शेतांना किती पाणी मिळणार, असा माझा विषय. वर एक लाकडी केबिन होती. महिन्यातून एक आठवडा तिथं राहायचं, ठरलेल्या जागी पोकळ नळी बर्फात खुपसून खोली आणि वजन लिहायचं. रस्ता संपतो तिथून केबिन अकरा मैल, आणि तेवढं अंतर स्नोमोबिलवर. स्नोमोबिल म्हणजे पुढे दोन स्की, मागे रबराचा रुंद ट्रॅक, मधे इंजिन आणि बसायला सीट. सुरुवातीला मला वाटायचं, लुनाला स्की लावल्यात, त्यात काय एवढं.

मला ते चालवायला शिकवलं तिथल्या टेक्निशियननं. साठीचा माणूस, तीस वर्षं त्याच डोंगरात काढलेली. मी मनातल्या मनात त्याला म्हातारा म्हणायचो. म्हातारा बोलायचा कमी, पण एका बाबतीत फार कटकट करायचा. मागचं सस्पेन्शन. रोज सकाळी मशीन काढायच्या आधी तो बाहेर जाऊन बर्फ बुटानं दाबून बघायचा आणि मग पाना घेऊन मशीनच्या पोटाशी बसायचा. कडक वाटेवर वेगळं सेटिंग, भुसभुशीत खोल बर्फात वेगळं. कडक वाटेवर पुढचा पट्टा आवळायचा आणि मागच्या स्प्रिंगा ताठ करायच्या, म्हणजे स्की जमिनीला धरून राहतात आणि मशीन नीट वळतं. खोल बर्फात बरोबर उलट. पट्टा सैल सोडायचा, मागच्या स्प्रिंगा नरम करायच्या, म्हणजे मशीन मागे बसतं, नाक हलकं होतं आणि स्की बर्फावर चढतात. पट्टा म्हणजे कापडी पट्टाच, हातभर लांब, त्याला ओळीनं भोकं, कमरेच्या पट्ट्याला असतात तशी. त्यातलं कुठलं भोक बोल्टात अडकवायचं एवढाच प्रश्न. म्हातारा ते काम मशीन आडवं पाडून अर्ध्या तासात करायचा.

मला या अर्ध्या तासाचा भयंकर कंटाळा. मी पट्टा आवळून ठेवायचो तो महिनाभर हात लावायचो नाही.

इथं अण्णांचं आणि माझं कसं होतं ते सांगायला हवं. मी निघताना 'दोन वर्षांत येतो' म्हणालो होतो. दोनाची चार झाली. अण्णा चिडले नाहीत, त्यांनी फक्त लिहिणं कमी केलं. निळ्या एरोग्रामवर तीन ओळी. 'येथील सर्व क्षेम. तुझ्या आईचे गुडघे दुखतात. तब्येतीस जप.' मीही तशाच तीन ओळी पाठवायचो. बापलेकात बोलायला काही उरलंच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर घरी असतानाही फार नव्हतं. त्यांच्या दुकानात जायची मला लाज वाटायची. कॉलेजात कुणी विचारलं तर 'वडिलांचा ऑटोमोबाइलचा बिझनेस आहे' असं सांगायचो.

एकदा पत्रात जागा उरली म्हणून मी स्नोमोबिलच्या मागच्या सस्पेन्शनचं चित्र काढून पाठवलं. नुसतीच जागा भरायला. दोन लांब पट्ट्या, पुढचा आर्म, मागचा आर्म, स्प्रिंगा, पट्टा. तीन आठवड्यांनी उत्तर आलं ते एरोग्रामच्या कडांपर्यंत लिहिलेलं, घडीच्या आतसुद्धा. अण्णांनी माझं चित्र परत काढलं होतं, माझ्यापेक्षा चांगलं, आणि प्रश्न विचारले होते. स्प्रिंग किती जाड? मागच्या आर्मला धक्का बसला की पुढचा खाली जातो की वर येतो? तुझं वजन किती भरतं सध्या? मी उत्तरं दिली. पुन्हा पत्र. असं वर्षभर चाललं. आई एकदा खाली दोन ओळी लिहिती झाली, 'काय तुम्हा दोघांचं गूळपीठ जमलंय, मला कुणी विचारतच नाही.'

जानेवारीत त्यांचं जे पत्र आलं ते मला अजून पाठ आहे. 'तू पट्टा आवळून ठेवतोस असे लिहिलेस. ते मला पटत नाही. आपल्याकडे काळ्या रानात उसाचा ट्रक रुतला की मी हमालांना मागच्या फळीवर उभे करतो. मागे वजन बसले की चाक धरते आणि तोंड उचलते. तुझा बर्फ म्हणजे ओले काळे रानच समज. पट्टा दोन भोके सैल कर, मागच्या स्प्रिंगा एक घर उतरव. करून बघ आणि कळव.'

वाचून मला हसू आलं. ज्या माणसानं आयुष्यात बर्फ पाहिला तो उसाच्या रसाच्या गाड्यावर, लाकडाच्या भुशात गुंडाळलेला, तो मला शिकवणार. म्हातारा तेच सांगत होता हे माझ्या लक्षात आलं नाही असं नाही. आलं होतं. पण म्हाताऱ्याचं ऐकणं वेगळं आणि अण्णांचं ऐकणं वेगळं. मी पत्र नोंदवहीत ठेवून दिलं. उत्तर लिहिलं नाही.

फेब्रुवारीत आईचं पत्र आलं. अण्णांच्या पोटात अल्सर आहे, मिरजेला ऑपरेशन ठरलंय, सोमवारी. रविवारी सकाळी सातला दवाखान्यात भरती व्हायचं. आमच्या घरी फोन नव्हता. शेजारच्या डॉक्टरांकडे होता, त्यांनी रविवारी सकाळी सहाचा कॉल लावून द्यायचं कबूल केलं होतं. तिकडचे रविवारचे सकाळी सहा म्हणजे आमचे शनिवारचे संध्याकाळचे साडेपाच. एकदा अण्णा दवाखान्यात गेले की वॉर्डात फोन नाही. म्हणजे ऑपरेशनच्या आधी त्यांचा आवाज ऐकायचा तर तो साडेपाचलाच.

मी ज्यांच्या घरी तळघरातल्या खोलीत राहायचो ते काका युनिव्हर्सिटीत प्रोफेसर होते, काकू नागपूरच्या. फोन त्यांच्याच घरी येणार होता. काकू म्हणाल्या, "तू शुक्रवारीच खाली ये बापा, उगाच जीव टांगणीला लावू नको." मी म्हटलं, "काकू, डोन्ट वरी, शुक्रवारी दुपारी मी इथं जेवायला असेन."

बुधवारी म्हातारा सामान आणायला खाली गेला आणि त्याच संध्याकाळी बर्फ सुरू झाला. गुरुवार, शुक्रवार, थांबायचं नाव नाही. मी केबिनमध्ये एकटा. रेडिओवर आम्ही दिवसातून दोनदाच बोलायचो, सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला. शनिवारी आठला म्हातारा म्हणाला, "तू हलू नकोस, उद्या मी वर येतो." मी त्याला अण्णांच्या फोनचं सांगितलं.  तो म्हणाला, "बर्फ थांबला नाही तर निघायचं नाही. थांबला तरी मागचं सस्पेन्शन सेट केल्याशिवाय निघायचं नाही. चार फूट पडलाय. नुसता पिठासारखा." मी हो म्हटलं.

दोन वाजता बर्फ थांबला. आभाळ एकदम निळं झालं. मी हिशेब केला. केबिन ते रस्ता सव्वा तास, बर्फ जास्त आहे म्हणून दोन धरू. तिथून गाडीनं घर सव्वा तास. आत्ता, या मिनिटाला निघालो तर सव्वापाच. सस्पेन्शनला अर्धा तास दिला तर पावणेसहा. झालं, माझ्यातला दीडशहाणा जागा झाला. चार वर्षं मशीन चालवतोय, तोल सांभाळून नेईन, मागे सरकून बसेन, वेगात काढेन. मी पाना पेटीत टाकला आणि स्टार्टरची दोरी ओढली.

पाव मैलसुद्धा गेलो नसेन. स्की बर्फावर चढायच्या ऐवजी बर्फाखाली शिरल्या आणि मशीननं नाक खुपसलं. मी थ्रॉटल दिला, ट्रॅक जागच्या जागी फिरला आणि स्वतःसाठी खड्डा खणत गेला. मी कमरेपर्यंत बर्फात. माझं वजन तेव्हा बावन्न किलो, मशीन माझ्या चौपट. फावड्यानं खणलं, पुढची वाट पायानं तुडवली, बाहेर काढलं. पंचवीस मिनिटं गेली. पुन्हा निघालो, एक मैल बरा गेला, आणि वळणावर परत तेच. या वेळी खड्डा इतका खोल की सीट बर्फाच्या पातळीत आली. चाळीस मिनिटं. अंगातून घाम निथळत होता आणि पापण्यांवर बर्फ. मी मशीनला शिव्या दिल्या, बर्फाला दिल्या, म्हाताऱ्याला दिल्या, आयडाहोला येण्याच्या निर्णयाला दिल्या. पट्ट्याला द्यायच्या राहिल्या.

तिसऱ्यांदा रुतलो तेव्हा मी खणायला सुरुवात केली आणि थांबलो. घड्याळात सव्वातीन झाले होते. मला अण्णांचा तो रुतलेला ट्रक दिसला. लहानपणी एकदा त्यांनी मला बरोबर नेलं होतं, कृष्णाकाठच्या एका रानात. ड्रायव्हर गाडी रेस करून करून चाक अजून खोल घालत होता. अण्णांनी हात वर करून त्याला थांबवलं, इंजिन बंद करायला लावलं आणि चिखलात बसून नुसतं बघत राहिले. ड्रायव्हर म्हणाला, मालक, उशीर होतोय. अण्णा म्हणाले, "उशीर झालेलाच आहे. आता तरी नीट करू."

मी इंजिन बंद केलं. मशीन कुशीवर पाडलं. जाड ग्लोव्हज घालून नट पकडता येत नव्हता म्हणून ते काढले. लोखंडाला कातडी चिकटत होती. पट्टा पहिल्याच भोकात होता, आवळलेला, महिनाभर तसाच. तो काढून दोन भोकं सोडून तिसऱ्यात अडकवला. मागच्या दोन्ही स्प्रिंगांचा ताण कमी-जास्त करणारा ठोकळा एक घर खाली फिरवला. बोटांना काही कळत नव्हतं, एक नट बर्फात पडला तो शोधण्यात दहा मिनिटं गेली. सगळं मिळून पस्तीस मिनिटं लागली. मशीन सरळ केलं, बसलो, दोरी ओढली.

मशीन मागे बसलं. हमाल फळीवर चढल्यावर ट्रक बसायचा तसंच. आणि नाक उचललं. स्की बर्फाच्या वर आल्या, ट्रॅकनं धरलं, आणि मशीन त्या खड्ड्यातून स्वतःच्या ताकदीनं बाहेर पडलं. पुढचे नऊ मैल मी एकदाही रुतलो नाही. चार फूट पिठावरून सरळ. मला इतका आनंद झाला की लाज वाटली. फोनवर पहिलं वाक्य काय बोलायचं ते मी तिथंच ठरवलं. तब्येतीचं नंतर, आईचं नंतर. पहिलं हेच सांगायचं, की अण्णा, दोन भोकं सैल केला, तुमचं बरोबर होतं. आणि त्यानंतर, जमलं तर, की मे महिन्यात थीसिस देतो आणि घरी येतो. हे दुसरं वाक्य मी चार वर्षं कुणाला म्हटलं नव्हतं.

रस्त्याला पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते. गाडी बर्फात पुरलेली, ती काढली. वाटेत फोन बूथ नव्हता असं नाही, पण मी कुणाला फोन करणार, सांगलीहून येणाऱ्या कॉलला काकूंकडची लाइन मोकळी राहायला हवी होती. मी फक्त गाडी चालवत राहिलो. साडेपाच वाजले तेव्हा मी अजून डोंगरातच होतो. डॅशबोर्डवरच्या घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघत होतो.

घरी पोचलो तेव्हा साडेसहा झाले होते. काकू दारातच उभ्या होत्या. त्यांचा चेहरा बघूनच कळलं.

"पाच छत्तीसला आला होता," त्या म्हणाल्या. "तीन-चार मिनिटं बोलले. आवाज छान होता रे त्यांचा, अगदी खणखणीत. मी म्हटलं, बर्फामुळे अडकला असेल, येईलच. मी त्यांना लाइनवर ठेवायचा प्रयत्न केला, पण मग कट झाला." एवढ्यावर मी थांबवलं. "काकू, प्लीज, नको," असं काहीतरी तुसडेपणानं बोललो आणि तळघरात निघून गेलो. त्यांनी जेवायला हाक मारली, मी गेलो नाही. मला राग आला होता, आणि तो कुणावर काढायचा हे मला माहीत होतं, म्हणून कुणाशी बोलायला नको वाटत होतं. पंचवीस मिनिटं, चाळीस मिनिटं, पस्तीस मिनिटं, मी रात्रभर बेरजा करत राहिलो. अर्धा तास आधी दिला असता तर शंभर मिनिटं वाचली असती. ही बेरीज दुसरीतल्या पोरालाही जमेल.

सोमवारी सकाळी शेजारच्या डॉक्टरांचा फोन आला. ऑपरेशन झालं होतं, पण नंतर ब्लड प्रेशर उतरत गेलं ते सावरलं नाही. तिकडच्या दुपारी तीनला अण्णा गेले. माझ्यासाठी थांबणं शक्य नव्हतं, तिकीट, व्हिसा, दोन दिवसांचा प्रवास, कुणी थांबावं असं मी म्हटलंही नाही. चुलतभावानं अग्नी दिला. मी तळघरात बसून होतो.

काकू रोज वरणभात घेऊन खाली यायच्या आणि मी जेवेपर्यंत समोरच्या खुर्चीत बसून राहायच्या. फार बोलायच्या नाहीत, बोललेलं मला सोसत नाही हे त्यांना कळलं होतं. पाचव्या किंवा सहाव्या दिवशी मीच विचारलं, "काकू, त्या दिवशी ते काय बोलले?"

त्या जरा घुटमळल्या. "तुझी चौकशी केली. जेवतो का नीट, वजन किती झालंय. आईला गुडघ्याचं औषध पाठवतोस ते पोचतं म्हणाले." मग म्हणाल्या, "आणि एक ते सारखं विचारत होते, मला काही अर्थ लागला नाही बघ. कसल्याशा पट्ट्याचं. 'ताई, त्यानं पट्टा सैल केला का, एवढं विचारा. त्यानं कळवलं नाही.' दोनदा विचारलं."

मी भात खाली ठेवला.

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"मी काय सांगणार बापा, मला काय माहीत. पण माणूस ऑपरेशनला चाललाय, त्याच्या जिवाला घोर कशाला. मी आपलं ठोकून दिलं, हो हो, केलाय, तो मला बोलला होता." काकू माझ्याकडे अपराध्यासारखं बघत होत्या. "खोटं बोलले रे मी. चुकलं का माझं?"

मी मान हलवली, नाही म्हणून. खोटं नव्हतं ते. पाच छत्तीसला पट्टा सैल होऊन पावणेदोन तास झाले होते. हे त्यांना सांगायचं होतं, ते राहिलं. मी एवढंच विचारलं, की ते ऐकून अण्णा काय म्हणाले.

काकूंनी ताट उचललं आणि जरा आठवून बघितलं.

"जास्त काही नाही. हसले असं वाटलं मला. 'मग पोचेल तो,' म्हणाले."